पॉलिशचे मोजमाप बिलावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर गाडीचा रंग ‘आरशासारखा’ करून घेण्याविषयीचा मजकूर नुकताच वाचला. गाडीला दर तीन-चार महिन्यांनी पॉलिश करून घ्यावे, असा सल्ला त्यात दिला आहे. गेली २२ वर्षे मी रंगाचे आणि पॉलिशचे काम करतो. हा सल्ला वाचकांनी शब्दशः पाळला, तर काही वर्षांतच त्यांच्या गाड्यांच्या बॉनेटवर आणि टपावर रंग मारण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घोटाळा ‘पॉलिश’ या शब्दापासूनच सुरू होतो. बोलण्यात आपण दोन अगदी उलट कामांना हाच एक शब्द वापरतो. मेण किंवा सीलंट लावताना रंगावर एक पातळ थर चढतो; तो पावसापाण्याने झिजून जातो आणि पुन्हा लावला तरी रंगाचे काहीही नुकसान होत नाही. कंपाउंड, म्हणजे बारीक खरखरीत कणांचे मलम, घेऊन मशीनने घासताना मात्र रंगाचाच वरचा थर खरवडून निघतो. दर तीन-चार महिन्यांनी करण्यासारखे काम पहिले आहे. दुसरे काम गाडीच्या सगळ्या आयुष्यात मोजक्या वेळाच करता येते, कारण खरवडण्याजोगा थर मुळातच फार पातळ असतो.

तो किती पातळ असतो, हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि प्रत्येकाला ते ऐकून धक्का बसतो. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरामुळे गाडी चमकते आणि जो थर उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग सांभाळतो, तो डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. चरा ही त्या थरात पडलेली खाच होय. ती बुजवता येत नाही; तिच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. कडक पॅड आणि जाड कंपाउंड वापरले की एका वेळेस काही मायक्रॉन जातात, मऊ फोमवर बारीक पॉलिश फिरवले तर एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. बोटाचे नख अडकेल इतका खोल चरा असेल, तर मी तो काढण्याच्या फंदात पडत नाही. त्याच्या कडा थोड्या मऊ करून तो नजरेत कमी भरेल एवढेच पाहतो.

मागच्या महिन्यात एक काळी गाडी माझ्याकडे आली. मालकांनी दोन वर्षांत तीन वेळा दुसरीकडून पॉलिश करून घेतले होते आणि दर वेळी गाडी ‘नव्यासारखी’ झाली म्हणून ते खूश होते. दिव्याखाली पाहिले, तेव्हा बॉनेटच्या मधल्या उंचवट्याच्या धारेवर बोटभर लांबीचा एक निस्तेज पट्टा दिसला. ओले बोट फिरवले की तो पट्टा आजूबाजूच्या रंगात मिसळून जायचा आणि पाणी सुकताच पुन्हा भुरका व्हायचा. जाडी मोजण्याच्या यंत्राने दारावर ११८ मायक्रॉन दाखवले, बॉनेटच्या मध्यावर ९४ आणि त्या धारेवर ६७. “पुन्हा एकदा हात फिरवा ना, जाईल तो,” असे मालक म्हणाले. “साहेब, इथे फिरवायला आता काही शिल्लकच नाही,” हे मला त्यांच्या तोंडावर सांगावे लागले. धारेवर क्लिअर कोट संपून उघडा बेस कोट दिसत होता, आणि त्यावर बॉनेट नव्याने रंगवणे एवढाच उपाय उरला होता.

त्या कारागिराने मुद्दाम वाईट काम केले, असे मी म्हणणार नाही. धारेवर आणि कडांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि मशीनच्या पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच एकवटतो. एकाच आसावर गरगर फिरणारे रोटरी मशीन क्षणभर एका जागी थांबले, तरी तिथला रंग तापून जळू शकतो. म्हणूनच जाणता माणूस कडांवर आधी कागदी टेप चिकटवतो, आणि शक्य असेल तिथे फिरता फिरता हेलकावणारे ड्युअल ॲक्शन मशीन वापरतो. ते सावकाश कापते, पण चुकीला वाव कमी देते. त्याने ही काळजी घेतली असती आणि आधी जाडी मोजली असती, तर दुसऱ्या खेपेलाच त्याचा हात थांबला असता.

चकाकी म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण ते कळले की ‘अजून थोडे घासा’ हा हट्ट आपोआप कमी होतो. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून त्यात प्रतिमा स्वच्छ दिसते. बारीक चऱ्यांवर तो सैरावैरा विखुरतो आणि रंग धुरकट वाटतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी क्लिअर कोट सुमारे ४ टक्केच परत फेकतो. काळ्या गाडीत बाकीचा बहुतेक सगळा प्रकाश रंगात जिरतो, त्यामुळे चऱ्यांवरून विखुरलेला थोडासा प्रकाशही तिच्यावर भस्मासारखा पांढरट उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर तेवढेच चरे असले, तरी ते लपून राहतात. उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती पाहून गाडी गोल गोल पुसल्यामुळे असे झाले, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ भासते. दिवा हलवला की वर्तुळही त्याच्याबरोबर सरकते. कोणीही घरी हे करून पाहावे.

आणखी एक गोष्ट ग्राहकांपासून लपून राहते. काही पॉलिशमध्ये तेले आणि भराव असतात. ते चऱ्यांत बसले की गाडी सोडताना रंग निर्दोष दिसतो आणि दोन-तीन धुण्यांत सगळे चरे परत येतात. मग ग्राहक पुन्हा घासायला येतो आणि आणखी एक थर जातो. याची परीक्षा सोपी आहे. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून घ्यावा आणि एकाच प्रखर दिव्याखाली किंवा थेट उन्हात पाहावे. ट्यूबलाइटच्या मंद, पसरट उजेडात रोटरी मशीनच्या लाटांसारख्या खुणाही दिसत नाहीत, त्यामुळे गाडी तशा उजेडात ताब्यात घेऊ नये.

‘आरशासारखा’ या शब्दाविषयीही लिहिले पाहिजे. कारखान्यातल्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा किंचित उंचसखलपणा असतो. तो पूर्ण घालवायचा, तर २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (अतिबारीक सँडपेपर) पाण्यातून फिरवून मग कंपाउंड करावे लागते, आणि त्यात साध्या पॉलिशच्या कितीतरी पट थर खर्ची पडतो. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीवर जादा क्लिअर कोट मारून हे काम करतात, तिथे ते शोभते. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते करणे मला चूक वाटते, आणि मी तसे काम घेत नाही.

मुळात चरे पडतात ते धुताना आणि पुसताना. धुळीत वाळूचे कण असतात. त्यातल्या क्वार्ट्झचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्‌ज मापावर ७ आहे आणि क्लिअर कोट त्यापुढे फारच मऊ. सकाळी सुक्या फडक्याने गाडी झटकणे म्हणजे रोज थोडी थोडी रेती तिच्यावर घासणे होय. आधी भरपूर पाण्याने धूळ खाली येऊ द्यावी, एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खंगाळायला साधे पाणी ठेवावे, आणि खाली पडलेला फडका पुन्हा गाडीला लावू नये. एवढे पाळणाऱ्यांच्या गाड्या माझ्याकडे वर्षानुवर्षे घासायला येत नाहीत, याचे मला समाधानच वाटते.

पॉलिश करणाऱ्या प्रत्येकाने बॉनेट, टप, डिकी आणि प्रत्येक दार यांची कामाआधीची आणि कामानंतरची जाडी बिलावर लिहून द्यावी, अशी माझी मागणी आहे. साधे यंत्र सगळ्या थरांची मिळूनच जाडी सांगते आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, हे खरे. तरी दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच गेलेला क्लिअर कोट, आणि तेवढे कळले तरी पुरे. पुढच्या कारागिराला त्यावरून कुठे थांबायचे ते समजेल. एखाद्या पॅनेलवर आकडा अचानक २५० किंवा ३०० भरला, तर ते पूर्वी पुन्हा रंगवलेले आहे, हेही ग्राहकाला कळेल. आपल्या वाहनविषयक पानाने यापुढे ‘मेण लावणे’ आणि ‘घासून पॉलिश करणे’ असे दोन वेगळे शब्द वापरावेत, आणि दर तीन-चार महिन्यांचा सल्ला केवळ पहिल्या कामापुरता होता, असा खुलासा छापावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक पॉलिश कारागीर