ते पान फाडायचं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्या तिघी मुलींनी यंदा दोन आरटीएल-एसडीआर रिसीव्हर (संगणकाला जोडायचे छोटे रेडिओ) एकाच क्लॉकवर, म्हणजे एकाच तालावर चालवले. एकावरचा हा ताल देणारा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढला आणि दुसऱ्याचा क्लॉक बोटभर वायरने त्याला दिला. कल्पना सुचली ती जवळच्या खोडदला, विज्ञान दिनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहताना. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांना संदर्भ-फ्रिक्वेन्सी, म्हणजे असाच सामायिक ताल, एकाच ठिकाणाहून ऑप्टिकल फायबरने जाते.

एका प्रकल्प स्पर्धेत परीक्षकांनी नोंदवहीत दोन रिसीव्हरनी दाखवलेल्या फ्रिक्वेन्सींमधला २०० हर्ट्झचा फरक पाहिला. ‘‘क्लॉक एकच असेल तर फरक येऊच शकत नाही. तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे,’’ म्हणाले आणि गुण कापले. पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही.

पुढच्या पानावर सगळं होतं. सिग्नल जनरेटरचा एकच सिग्नल स्प्लिटरमधून दोन्ही रिसीव्हरना दिला, तर १०० मेगाहर्ट्झला फरक २०० हर्ट्झ आणि ४०० ला ८००. म्हणजे कुठेही मोजा, दहा लाखांत दोन. कच्च्या जोडामुळे क्लॉक अधूनमधून तुटेल, इतका नेमका पट कसा येईल? क्रिस्टल वेगळे होते तेव्हाची पीपीएम (दहा लाखांत किती) दुरुस्ती एका रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये तशीच राहिली होती. दोन्हीकडे शून्य केल्यावर ८०० हर्ट्झचा फरक गेला.

तरीही फेज (दोन्हींकडच्या लहरींमधलं मागेपुढेपण) सावकाश सरकतच होती. त्यात चार दिवस गेले. केबल बदलल्या, यूएसबी हब बदलला, काही उपयोग नाही. शेवटी ट्यूनर चिपच्या पीएलएलमधलं (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटमधलं) डिदरिंग, म्हणजे मुद्दाम घातलेली बारीक चलबिचल, ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधून बंद केलं आणि पडद्यावरची फेजची तिरकी रेघ आडवी झाली. रात्रीचे आठ वाजले होते, वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा होता आणि मुली टाळ्या वाजवत होत्या.

दोष कसा शोधला याला स्पर्धेत वेगळे गुण असावेत आणि परीक्षकांनी नोंदवही शेवटपर्यंत वाचावी, एवढी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. निकालानंतर एकीने मला विचारलं, ‘‘ताई, पुढच्या वेळी ते २०० हर्ट्झचं पान फाडून टाकू का?’’ मी वही तिच्या हातातून घेतली. ती आता माझ्या कपाटात आहे.

– एक प्रयोगशाळा सहायक, ता. जुन्नर, जि. पुणे