फोर बाय फोर नाही घेतली, बाबा

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

काल तुमच्यासाठी गाडी बुक केली. फ्रंट व्हील ड्राइव्हच, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. बाबा, तुमचा जीव फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या फोर व्हील ड्राइव्हवर होता हे ठाऊक आहे, आणि उतारावरची ती संध्याकाळ मीही विसरलेली नाही. न विचारता केलं, रागवा हवं तर, पण आधी हे वाचा.

त्या दिवशी गाडी घसरली ती ब्रेक मारताना. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्हचा जोर गाडी पुढे काढायला, थांबवायला नाही. उलट चारही चाकं ओढत असली की निसरड्यावरही गाडी मुकाट निघते, आणि रस्ता किती ओला आहे ते ब्रेक दाबल्यावरच कळतं. थांबवतो तो टायर. त्याच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की झिजेची खूण येते. तुम्ही ३ वरच टायर बदलायचे.

लिव्हर ओढून जोडायची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर जोडलेली ठेवता येत नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसलं की तो फरक जिरायला जागाच नसते. पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत बसतो, टायर घासतात, गाडी अडखळत वळते. आपोआप जोडली जाणारी ऑल व्हील ड्राइव्ह हे सांभाळते, पण तिला चारही टायर सारख्या झिजेचे लागतात. रोजची वाट चिखलाची किंवा वाळूची असती तर मी दुसरा विचारच केला नसता.

तुमच्याने देखभाल होणार नाही असं मी म्हणत नाही हं. माझ्या सायकलची चेनसुद्धा तुम्ही रॉकेलने धुवायचात, मी शेजारी चिंधी धरून बसायचे. पण आता गाडीखाली वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

आई, या गाडीत मागच्या चाकांना जोर नेणारा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, जात नाही, म्हणून मधला उंचवटा नावापुरताच आहे. पाय आखडणार नाहीत. सीटही मी बसून पाहिली: चढायचं नाही, नुसतं टेकून आत सरकायचं. गुडघ्याला त्रास नाही.

आता मुकाट्याने ऐका. पुढची चाकंच ओढतात, वळतात आणि ब्रेकचा बराचसा भार घेतात, म्हणून तेच टायर आधी झिजतात. दर १०,००० किलोमीटरला पुढचे मागे करून घ्यायचे. दोनच नवे घेतले तर ते मागे लावायचे, दुकानदार काहीही म्हणो. मागचे गुळगुळीत असले की साचलेल्या पाण्यात गाडीची शेपूट फिरते. भरल्या गाडीने ओला चढ चढताना वजन मागे सरकतं आणि पुढचं चाक गरगरतं. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा हळूच दाबायचा. चिखलात रुतली तरच ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं, बाहेर आल्यावर लगेच चालू.

आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट ऐकू आलं तर तो सीव्ही जॉइंट, पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. त्याचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून ग्रीस उडालेलं असतं. प्रत्येक सर्व्हिसिंगला बूट बघायला सांगा. चीर वेळेवर दिसली तर बूट आणि ग्रीसवर भागतं.

हवा टायर थंड असताना भरायची, दाराच्या चौकटीवरचा आकडा बघून. बाबा, गाडी घ्यायला मी येईपर्यंत थांबा. एकटे जाऊ नका.

तुमची,
चिमी