यादीत नसलेला 'माणूस'

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्ही. शांताराम यांच्या जन्माला येत्या नोव्हेंबरात १२५ वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीने त्यांच्या पाच चित्रपटांची यादी छापली असून, 'यांपैकी आपला सर्वांत आवडता कोणता?' असे वाचकांना विचारले आहे. कूपनात 'कुंकू', 'शेजारी', 'दो आँखें बारह हाथ', 'नवरंग' आणि 'पिंजरा' ही नावे आहेत. त्यावर आलेली पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. बहुतेकांचा कौल 'पिंजरा' किंवा 'दो आँखें'कडे झुकलेला दिसतो. एका वाचकाने 'संत तुकाराम'ला मत दिले आहे. त्यांच्या आवडीशी माझे भांडण नाही, परंतु तो चित्रपट प्रभात फिल्म कंपनीचा असला तरी विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आहे, एवढे नोंदवून ठेवतो. माझे मत ज्या चित्रपटाला आहे तो यादीतच नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. तो चित्रपट म्हणजे १९३९ सालचा 'माणूस', ज्याची हिंदी आवृत्ती 'आदमी' या नावाने निघाली.

आपल्या यादीविषयी आधी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाने 'शेजारी'च निवडावा, अशी एक न बोललेली अपेक्षा असते, आणि माझ्या दोन मित्रांनी ती बोलूनही दाखवली. धरण बांधायला निघालेल्या भांडवलदाराने जिवा पाटील आणि मिर्झा या जन्माच्या सोबत्यांत फूट पाडावी आणि अखेर त्या धरणाच्या पाण्यातच दोघांनी एकमेकांचा हात धरून जावे, ही कथा १९४१ साली, म्हणजे फाळणीच्या सहा वर्षे आधी पडद्यावर आली, हे तिचे मोठेपण मला मान्य आहे. तरीही मला त्या प्रचंड पाण्यापेक्षा ते दोन म्हातारे बुद्धिबळाचा पट मांडून बसतात तेव्हाच अधिक खरे वाटतात; शेवटाकडे दिग्दर्शकाला जे सांगायचे आहे ते पात्रांच्या पुढे धावू लागते. 'नवरंग'बद्दल मी काही लिहीत नाही. रंगांची हौस ज्याने त्याने आपापल्या घरी भागवावी.

'दो आँखें बारह हाथ' नाकारताना मात्र हात आखडतो. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची जी खुली वसाहत उभी राहिली, त्या प्रयोगावरून ही कथा सुचली. आणि आटपाडी आम्हा बेळगावकरांना काही परदेश नाही. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते, आणि मीही ती तीस वर्षे परिपाठाच्या वेळी मुलांकडून म्हणवून घेतली आहे. माझी तक्रार एवढीच की त्यातला जेलर पहिल्या प्रसंगापासून पुतळ्यासारखा उभा आहे. सहा खुनी बदलतात, तो बदलत नाही. आणि ती भूमिका दिग्दर्शकाने स्वतःच केलेली असल्यामुळे त्या पुतळ्याला हात लावायला दुसरे कोणी धजावत नाही.

खरी तुलना 'पिंजरा'शीच व्हायला हवी, कारण 'माणूस' आणि 'पिंजरा' ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि त्यांच्यामध्ये ३३ वर्षांचे अंतर आहे. दोन्हींत नियमाने बांधलेला एक पुरुष आहे, एकात पोलीस शिपाई आणि दुसऱ्यात गावाचा आदर्श शिक्षक. दोन्हींत बाजारात उभी असलेली एक स्त्री आहे. १९७२ साली डॉ. श्रीराम लागूंनी मास्तर उभा केला तो अजोडच आहे. स्वतःच्याच खुनाचा आरोप स्वतःवर येऊन माणूस फासावर जावा आणि गावाने त्याचा पुतळा पूजावा, यासारखा क्रूर विनोद मराठी पडद्यावर क्वचित झाला असेल. जगदीश खेबुडकरांची गीते आणि राम कदमांचे संगीत तर सीमेच्या दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे. पण मी स्वतः शिक्षक होतो म्हणून सांगतो, त्या चित्रपटाला चिंता आहे ती मास्तरांच्या अधःपतनाची. नाचणाऱ्या बाईने पुढे कितीही जीव लावला तरी ती आधी मोह म्हणून येते आणि मग शिक्षा म्हणून उरते.

'माणूस'मध्ये याच्या अगदी उलट घडते. गणपत शिपाई वेश्यावस्तीतल्या मैनेला एका छाप्याच्या वेळी वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला त्या वस्तीतून बाहेर काढायला धडपडतो. त्याची देवभोळी आईसुद्धा तिला सून म्हणून पदरात घ्यायला तयार होते. इथे दुसरा कोणताही दिग्दर्शक अक्षता टाकून मोकळा झाला असता. शांतारामबापूंची मैना मात्र त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात स्वतःला मावत नाही हे ओळखते आणि निघून जाते. पुढे तिच्या हातून दुष्ट मामाचा खून होतो, आणि तुरुंगातून तिला सोडवायला आलेल्या गणपतला ती नकार देते. निर्णय प्रत्येक वेळी तिचा आहे. तिचा उद्धार करण्याचे श्रेय चित्रपट गणपतला घेऊ देत नाही, प्रेक्षकालाही घेऊ देत नाही, आणि उद्धाराची आवड असलेल्या दिग्दर्शकाने स्वतःलाही ते घेऊ दिलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

'देवदास'ने प्रेमभंगात स्वतःला संपवणाऱ्या नायकाची जी लाट आणली होती, तिला दिलेले उत्तर म्हणून या चित्रपटाकडे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. गणपतही कोसळतो, परंतु अखेर पुन्हा कामावर रुजू होतो. त्यात विजय वगैरे काही नाही, ड्यूटी आहे. ही भूमिका शाहू मोडक यांना देण्यातही धाडस होते, कारण लोकांना त्यांची ओळख कृष्णाच्या भूमिकेतून झालेली होती. मुरली ठेवून त्यांनी दंडुका घेतला. मध्येच बागेत कुणा दुसऱ्याच सिनेमाच्या प्रेमप्रसंगाचे शूटिंग चाललेले दाखवून बापूंनी त्या काळच्या गोडगोड प्रेमगीतांची जी टर उडवली आहे, ती पाहून आजच्या प्रेक्षकालाही हसू आवरणार नाही.

आता जे लिहितो ते समीक्षेत मोडत नाही, तरी आवड म्हणजे काय ते त्याशिवाय सांगता येणार नाही. मैनेची भूमिका करणाऱ्या शांता हुबळीकर या मूळच्या राजम्मा, हुबळीजवळच्या अदरगुंची गावच्या. माझ्या आईचे माहेर हुबळीचे. लहानपणी तिने आपल्या थोरल्या भावाबरोबर तिथल्या टॉकीजमध्ये 'माणूस' पाहिला होता आणि शांताबाईंचा उल्लेख ती कायम 'नम्मूर हुडुगी' असाच करीत असे, म्हणजे आमच्या गावची पोर. लग्न होऊन ती शहापुरात आली. भाकऱ्या थापताना 'माणूस'मधले 'कशाला उद्याची बात' हे गाणे तिच्या ओठांवर येई, आणि माजघरातून आजी ओरडे, "सूनबाई, ते कलावंतिणीचं गाणं घरात नको हं." मग आई शब्द गिळून टाकी. चाल मात्र चालूच राही, आणि परातीवर पडणाऱ्या तिच्या हाताच्या थापेतून ती मला स्पष्ट ऐकू येई. संगीतकार मास्टर कृष्णरावांची ती चाल मी पडद्यावर ऐकण्याच्या कितीतरी आधी अशी पिठात माखलेली ऐकली आहे.

पुढे, १९७८च्या सुमारास, गावातल्या काही हौशी मंडळींनी 'माणूस'ची १६ मिलिमीटरची प्रिंट मिळवून एका हॉलमध्ये खेळ लावला, तेव्हा मी आईला घेऊन गेलो. आजी तेव्हा हयात नव्हती. मैना वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांपुढे 'कशाला उद्याची बात' या एकाच गाण्यात भाषा बदलत गाते, प्रत्येकाला त्याच्या बोलीत रिझवते, आणि त्या सगळ्या भाषांच्या मागे तिचा स्वतःचा चेहरा थकलेला राहतो. घरात कानडी, शाळेत मराठी, कचेरीत पुन्हा कानडी आणि बाजारात जी चालेल ती भाषा बोलत वाढलेल्या आमच्यासारख्यांना तो चेहरा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कानडी मुलखातली एक मुलगी पुण्याच्या प्रभातमध्ये जाऊन मराठी पडद्यावर मुंबईच्या वस्तीतली बाई उभी करते. तिच्या उच्चारांत मला आमच्याकडचा किंचित हेल ऐकू येतो. तो कदाचित माझ्या कानांतच असेल. गाणे संपले आणि नेमके त्याच वेळी रीळ बदलण्यासाठी दिवे लागले. आई मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि तिचे ओठ हलत होते. या खेपेला शब्दांसकट.

स्वतः बापूंनीही पोरवयात हुबळीत रेल्वेच्या कारखान्यात काम केले होते आणि तिथल्याच एका टॉकीजमध्ये त्यांना सिनेमाचे वेड लागले, ही गोष्ट मला नंतर कळली. कोल्हापूरने त्यांना बाबूराव पेंटरांकडे नेऊन कलावंत केले हे खरे. तरी त्या प्रवासातला हुबळीचा मुक्काम आपल्या पुरवणीच्या लेखातून निसटला आहे, आणि बेळगावात छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्राने तरी तो निसटू द्यायला नको होता. 'माणूस' यादीत नसण्याचे कारण बहुधा इतकेच असावे की तो टीव्हीवर फारसा लागत नाही आणि त्याला रंग नाहीत. 'कुंकू'लाही रंग नाहीत, हे मी मान्य करतो, आणि 'माणूस' नसता तर पार्श्वसंगीताशिवाय, घरातल्या नुसत्या आवाजांवर तोललेल्या त्या चित्रपटालाच मी मत दिले असते.

कूपन सोबत जोडले आहे. त्यात पाचच चौकोन असल्यामुळे खाली पट्टीने सहावा आखून त्यापुढे 'माणूस' असे लिहिले आहे व खूण तिथे केली आहे. नियमात बसत नसल्यास हे मत बाद धरावे, माझी हरकत नाही. मात्र कूपन तसेच छापता आले तर पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
शहापूर, बेळगाव