खोल खुणेसाठी घेतलेल्या एचिंग मशीनमधून डीसी येतच नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : इलेक्ट्रो-एचिंग मशीन सदोष निघाल्याने बदलून मिळणे किंवा पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

मी सातारा जिल्ह्यात ऊसतोडीचे कोयते, विळीची पाती आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या हाताने घडवतो. स्टेन्सिल, द्रावण आणि वीज वापरून पात्यावर नाव उठवण्यासाठी आपल्या कंपनीचे एचिंग मशीन मी ९,५०० रुपयांना आपल्या संकेतस्थळावरून मागवले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पैसे भरण्याआधी आपल्या विक्री प्रतिनिधीला फोनवर एकच गोष्ट विचारली होती : खोल खूण उठते का? "डीसीवर खोल, एसीवर काळी, दोन्ही मिळतं," असे त्यांनी सांगितले. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा विजेचा प्रवाह, एसी म्हणजे दिशा पालटत राहणारा. मशीनवरही 'एच' (खोल खुणेसाठी) आणि 'मार्क' (काळ्या खुणेसाठी) अशा दोन जागांचा खटका आहे. त्या भरवशावर मी खरेदी केली.

प्रत्यक्षात या मशीनमधून डीसी येतच नाही. खटका 'एच'वर ठेवून नाव उठवले की अक्षरे सुबक आणि काळीभोर दिसतात, पण नख फिरवून पाहिले तर कुठेही अडकत नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे चार हात मारले की नाव गायब, पाते पुन्हा कोरे. 'मार्क'वरही हुबेहूब हेच. शेवटी बाहेरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. दोन्ही जागांवर एसी १२ व्होल्टच्या आसपास आणि डीसी शून्य. खटका फिरवला की फक्त दिव्याचा रंग बदलतो. आत रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, जोडलेला नसावा किंवा खटक्याची वायरिंग चुकली असावी. वॉरंटीचे सील असल्यामुळे मी मशीन उघडलेले नाही.

हे कळवल्यावर आपल्या मदत केंद्राकडून वेगवेगळी उत्तरे आली. आधी म्हणाले, द्रावण पातळ असेल. द्रावण आपल्याच बाटलीतले, पाणी न घालता वापरलेले. मग म्हणाले, स्टेन्सिल खराब असेल. स्टेन्सिल खराब असती तर अक्षरांच्या कडा इतक्या स्वच्छ आल्या नसत्या. आणि शेवटचे उत्तर आले : "तुमचं स्टील जास्त कडक आहे."

हे उत्तर वाचून मला मनापासून वाईट वाटले. स्टील कडक असते म्हणूनच तर आमच्यासारखे लोक हे मशीन घेतात. पंचाने ठसा मारायचा तर तो पाणी देण्याआधी, म्हणजे पाते तापवून, बुडवून कडक करण्याआधी, ते मऊ असताना मारावा लागतो आणि पुढे ग्राइंडिंगमध्ये तो बराचसा घासला जातो. पाणी दिलेल्या पात्यावर पंच मारला तर पंचाचे तोंड बसते, नाहीतर पाते तडकते. लेझर मशीन घेण्याची माझी ऐपत नाही. एचिंगमध्ये धातू ठोकला जात नाही, विरघळतो. पाते पॉझिटिव्हला, फेल्टची गादी लावलेला हँडल निगेटिव्हला, मध्ये द्रावण. मग स्टील गाडीच्या पाट्याचे असो की बेअरिंगचे, पाणी दिलेले असो वा नसो, डीसी मिळाला की लोखंड सुटणारच. एक अँपिअर डीसी मिनिटभर दिला तर फार तर १७ मिलिग्रॅम लोखंड निघते. एक चौरस सेंटिमीटर खुणेत त्याची खोली २० मायक्रॉनच्या थोडी वर जाते. एवढी खोली घ्यायची आणि मग एसी देऊन तळ काळा करायचा, अशी ही पद्धत आहे. नुसत्या एसीत प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते, धातू फारसा निघत नाही आणि वर काळ्या ऑक्साइडचा थर तेवढा बसतो. आपले मशीन नेमके एवढेच करते.

शोभेच्या सुरीला काळा थर कदाचित पुरेल. ऊसतोडीच्या कोयत्याला नाही. उसाचा रस, माती आणि रोजची घासाघीस यांत तो टिकत नाही. टोळीत सगळ्यांचे कोयते एका ढिगात पडतात, मुठी बदलल्या जातात, पण पाते कोणी घडवले ते नावावरून कळते. पात्याला चीर गेली तर माणूस ते नाव बघून माझ्याकडे येतो आणि मी पाते बदलून देतो. गाळप हंगामाआधीचा या वेळचा सगळा माल मला बिननावाचा द्यावा लागला. त्यातले एखादे पाते परत आले तर ते माझे आहे हे मी कशावरून ओळखू?

आणखी एक. खूण झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पाते पुसून तेल लावले नाही तर साध्या कार्बन स्टीलवर अक्षरांभोवती गंज चढतो. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. द्रावणाच्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत. स्टेनलेसवर काम करताना क्रोमियम आणि काही प्रकारांत निकेलसुद्धा त्या द्रावणात उतरते, तरी हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, एवढेही कुठे लिहिलेले नाही. हे छापायला कंपनीला कितीसा खर्च येतो?

माझी मागणी अशी : दोन्ही जागांवर मल्टिमीटरने तपासलेले दुसरे मशीन पाठवावे, ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. नेण्या-आणण्याचा खर्च कंपनीने करावा. आणि हा दोष दूर होईपर्यंत 'खोल एचिंग' हे शब्द जाहिरातीतून काढावेत, कारण माझ्यासारखे इतर कारागीर तेच वाचून पैसे भरत आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. "मशीन धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही" असेही मला फोनवर ऐकवण्यात आले. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला आहे. महिन्यात निवारण झाले नाही तर मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही.

मशीन मूळ खोक्यात बांधून ठेवले आहे. कुरिअर कधी पाठवता ते लेखी कळवावे.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, मल्टिमीटरच्या आकड्यांचे फोटो, पॉलिश करण्याआधीच्या आणि नंतरच्या पात्याचे फोटो