बाबा, इंजिन मागं असतं

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर बोलायला गेलं की आई तू मधेच "गॅस बंद करते थांब" म्हणून जातेस ती येतच नाहीस, आणि बाबा तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून विषय संपवता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. प्रिंट काढून घ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, मोबाईलवर वाचत बसू नका, मग डोळे दुखले म्हणाल.

तर मुद्दा असा की जानेवारीत तुम्ही बेंगलोरला येताय तेव्हा चार दिवस बाहेर जायचंय आणि वाफेच्या गाडीत बसायचंय. नाही म्हणायचं नाही. बाबा, मागच्या दिवाळीत तुम्ही पिंट्याला बार्शी लाईटची, त्या जुन्या छोट्या रेल्वेची गोष्ट सांगत होतात ना, कुर्डूवाडीला मामाकडे जाताना खिडकीतून डोकं काढलं आणि कोळशाची कणी डोळ्यात गेली, मग आजीनं पदराचा बोळा करून तोंडाची वाफ देऊन डोळा शेकला... मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एवढ्या वर्षांत मला ही गोष्ट माहीतच नव्हती हो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे सुरू आहे.

आई म्हणणार माथेरान काय वाईट आहे, जवळ आहे. अगं, माथेरानची गाडी गोडच आहे, १९०७ ची आहे, पण आता ती डिझेलवर चालते. बाबांना डिझेल इंजिन बघायचं असेल तर सोलापूर स्टेशनला चहा प्यायला नेईन मी.

दुसरं दार्जिलिंग. बाबांच्या मनात तेच आहे हे मला माहितीये. वाईट नाहीच ते, १८८१ ची लाईन, दोन फुटी रूळ, बाजारातून दुकानांना घासून जाते म्हणतात ना तसंच अगदी, दुकानदाराच्या बरणीतली गोळी उचलता येईल इतकं. पण आपल्याला जमेल ती म्हणजे दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी दोनेक तासांची जॉयराईड, आणि त्यासाठी विमान, मग वर तीन-चार तास घाटातली जीप, आईला गाडी लागते, आणि घूम स्टेशन ७४०७ फुटांवर, जानेवारीत तिथली थंडी म्हणजे बाबांच्या छातीला नकोच. शिवाय माझा तिथला अनुभव तुम्हाला कधी सांगितला नाही, लाज वाटली म्हणून. ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते तेव्हा ज्याच्याकडून बुकिंग केलं त्यानं "टॉय ट्रेन मॅडम, टॉय ट्रेन" केलं आणि मी पण विचारलं नाही, तिथं वाफेच्या आणि डिझेलच्या अशा दोन्ही फेऱ्या असतात, तिकिटं पण वेगळी. आमची निघाली डिझेलची. शेजारच्या रुळावर वाफेचं इंजिन फुसफुसत उभं आणि आम्ही त्याचे फोटो काढतोय दुसऱ्या गाडीतून. तेव्हापासून मी तिकिटावर स्टीम लिहिलंय का ते दोनदा वाचते.

तर मी ठरवलंय ते निलगिरी, तमिळनाडूतली डोंगरातली रेल्वे. मेट्टुपालयम ते कुन्नूर. कोईमतूरपर्यंत आपण रात्रीच्या रेल्वेनं, तिथून मेट्टुपालयम पस्तीसेक किलोमीटर, आदल्या दिवशी जाऊन तिथंच मुक्काम करायचा कारण गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि आईची आंघोळ-पूजा झाल्याशिवाय आपण कुठं हलत नाही हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. मी मागच्या वर्षी जाऊन आले ना तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारला होता, इंजिन पुढं असतं ना? नाही बाबा, मागं असतं. वर चढताना ते डब्यांना मागून ढकलतं, म्हणजे काही झालं तरी जड गडी खालच्या बाजूला. कल्लार स्टेशनपर्यंत साधे रूळ, आणि मग चढ सुरू झाला की दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी येते, आपल्या नारळाच्या खवणीचे दात सरळ रेषेत मांडले तर कसे दिसतील तशी, आणि इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं. चढ किती? बारा फूट पुढं गेलं की एक फूट वर. त्यामुळं स्पीड एवढा कमी की शेजारनं सायकलवाला पुढं जाईल. आणि तुमच्यातल्या मिलच्या फिटरला आवडेल अशी गंमत म्हणजे चार सिलिंडर आहेत, दोन सिलिंडरमध्ये वापरलेली वाफ फेकून न देता तीच पुढच्या दोन सिलिंडरमध्ये घेऊन दातेरी चाक फिरवतात. आई, तू शिळ्या भाकरीचा कुस्करा करतेस तसंच. हे एक्स क्लास इंजिन मूळचं स्वित्झर्लंडचं, पण अलीकडे आपल्याच तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये नवीन पण बनवलीत. आता बहुतेक तेलावर चालतात, त्यामुळं डोळ्यात कणी जायची भीती नाही, पण तो कोळशाचा वास पण नसेल हे आधीच सांगून ठेवते, नंतर तोंड पाडून बसू नका.

प्रत्येक डब्याच्या पुढच्या बाजूला एक ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडी, तो चाक फिरवून ब्रेक लावतो. इंजिन पार मागं म्हणजे ड्रायव्हरला पुढचं काही दिसतच नाही की, सगळं या लोकांच्या भरवशावर. मी त्याच्याकडेच बघत बसले होते निम्मा वेळ, दरी राहिली बाजूला.

अडचणी पण सांगते. डब्यात बाथरूम नाही. बाबा, तुमचं दर तासाला असतं, तर मधे हिलग्रोव्हला गाडी इंजिनाला पाणी पाजायला थांबते तिथं उरकून घ्यायचं आणि तेव्हाच मागं जाऊन इंजिन बघायचं, काठी घेऊन, घाई न करता, मी आणि पिंट्या बरोबर असू. आई, तिथं चहा-वडा मिळतो, माकडं पण आहेत, तर पर्समधली चिवड्याची पिशवी बाहेर काढायची नाही. मी सांगतेय म्हणजे माझी बिस्किटं गेली आहेत.

आणि लोक म्हणतील थेट उटीपर्यंत का नाही जात, गाडी तर तीच. मी मुद्दाम कुन्नूरला उतरायचं ठरवलंय. एक तर कुन्नूरला वाफेचं इंजिन काढतात आणि पुढं उटीपर्यंत डिझेल लावतात, म्हणजे आपल्या कामाचं संपलंच. दुसरं, कुन्नूर ५६०० फूट, उटी ७२०० च्या वर, बाबांच्या बीपीला कुन्नूर बरं. तिसरं, उटीत गर्दी. दोन रात्री कुन्नूरलाच राहायचं, आईला चहाच्या मळ्यात फोटो काढायचे असतील ते काढू, नऊवारीतला पण चालेल, वाटलं तर एखाद्या दिवशी तासाभराच्या गाडीनं उटी बघून येऊ. परत खाली उतरताना पण रेल्वेच, बस-टॅक्सी नाही, त्या घाटात आईचं काय होतं ते मी आंबोलीला बघितलंय. (पिशव्या संपल्या होत्या.)

जानेवारीच का, तर तिकडं ऑक्टोबर ते डिसेंबर जोराचा पाऊस असतो, दरडी पडतात आणि गाडी दिवसचे दिवस बंद. १६ बोगदे, अडीचशे पूल आणि सगळा डोंगर डोक्यावर, त्यामुळं ते बंद ठेवतात तेच बरं.

पैशाचं काढू नका. बाबा, तुम्ही मला इंजिनिअरिंगला घालताना किती ओव्हरटाईम केलात ते मी कधी विचारलं का? नाही ना. मग.

सीट कमी असतात आणि बुकिंग उघडलं की भराभर संपतात, म्हणून मला तुमच्या दोघांची नावं आधारवर आहेत तशी, वयासकट, रविवारपर्यंत पाठवा. बाबांच्या आधारवर नाव वेगळं लिहिलंय ते अजून दुरुस्त केलं नसेलच. असू दे, जसं आहे तसंच पाठवा. उद्यान एक्सप्रेसची येण्याची तिकिटं मी काढते, लोअर बर्थ बघते. आणि येताना शेंगाचटणी आणा, अर्धा किलो तरी, मागच्या वेळेस आणलेली पिंट्याच्या बाबांनी एकट्यानं संपवली.

बाबा, कानटोपी घ्या. खिडकीतून डोकं काढणारच तुम्ही.

तुमची,
बेबी