‘आणी’ लिहिणाऱ्या मुलांबद्दल, आईला

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, “म्हणजे मी तीस वर्षं चुकीचंच शिकवलं म्हण की,” आणि फोन बाबांकडे दिलास. बाबा त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांबद्दल सांगत होते, माझं मात्र लक्ष लागेना. फोनवर मी घाईने अर्धंच बोलते, म्हणून हे निवांत बसून लिहितेय. तिसऱ्यांदा लिहितेय, आधीचे दोन कागद फाडले.

तब्येत, झोप, थंडी सगळं नेहमीसारखं, म्हणजे ठीक. विद्यापीठाच्या लेखन केंद्रात मुलांना लिहायला मदत करते, तिथून निघायला उशीर होतो हे खरं, पण ते ग्रंथालयाच्याच इमारतीत आहे आणि सोबतीला कुणी ना कुणी असतं. याची काळजी खरंच करू नकोस.

आधी व्याकरणाचं. मी तुला लेखन शिकवण्यावरच्या १९६३ सालच्या त्या अहवालाचं सांगितलं, रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. व्याकरण नुसतं वेगळं काढून शिकवलं तर लिखाण जवळपास सुधारत नाही, उलट नुकसानही होऊ शकतं, एवढं सांगून मी थांबले. थांबायला नको होतं. नुकसान का होतं तेही त्यांनी त्याच वाक्यात म्हटलंय: व्याकरणाचे तास प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ खातात म्हणून. तू तर दर आठवड्याला निबंध लिहून घ्यायचीस. वह्यांचे दोन गठ्ठे घरी यायचे आणि मी झोपले तरी तुझा दिवा चालू असायचा. तो अहवाल तुझ्याविरुद्ध नाहीच, आई.

मला ज्यांच्याबद्दल सांगायचं होतं त्या मीना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवायच्या. १९७० साली तिथल्या विद्यापीठाने शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना दार उघडलं, आणि आयुष्यात फारसं काही न लिहिलेली मुलं वर्गात आली. प्राध्यापक पेपर बघून हादरले. शॉनेसींनी मात्र असे सुमारे ४,००० निबंध वाचले, चुका मोजण्यापुरते नव्हे, तर त्या कुठून येतात ते शोधायला. १९७७ साली त्यांनी मांडलं की या चुका आळसाच्या किंवा मठ्ठपणाच्या नाहीत. बहुतेक चुकांमागे मुलाने स्वतः बांधलेला काहीतरी नियम असतो.

हे वाचलं तेव्हा मला तुझा वर्ग आठवला. निम्मा वर्ग ‘आणी’ लिहायचा. दरवर्षी. तू दरवर्षी त्याला गोल करायचीस. पण बघ ना, शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा नियम तूच शिकवलेला. पाणी, राणी, कहाणी. मग पोरांनी ‘आणी’ लिहिलं तर त्यांनी तुझा नियम पाळलाच की! अपवाद तेवढा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणजे ती चूक तुझं शिकवणं लागू पडल्याचा पुरावा होती. मला फोनवर हे सांगायचं होतं, आणि झालं भलतंच.

आता इथली एक रीत सांगते, जी मला पहिलं वर्षभर पटतच नव्हती. लेखन केंद्रात विद्यार्थी आपला कच्चा खर्डा घेऊन येतो. आपण त्याच्या समोर नाही, शेजारी बसायचं. पेन त्याच्या हातात. आपण हातात घ्यायचंच नाही, ही पहिली अट. मग तो आपला खर्डा मोठ्याने वाचतो. आपण ऐकायचं. चूक दिसली तरी गप्प. मध्येच विचारायचं, “इथे तुला काय म्हणायचं होतं?” तो सांगतो, आणि बहुतेकदा जे सांगतो ते कागदावर नसतंच. मग म्हणायचं, “हे आत्ता बोललास ते लिही.” झालं. पाऊण तासात कधी एकच परिच्छेद होतो. पहिल्या महिन्यात मी एका मुलीच्या कागदावर पटापट सात दुरुस्त्या करून दिल्या. केंद्राच्या बाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, “आता हा निबंध कुणाचा?” मला राग आला. डोळ्यांना दिसतंय तर सांगायचं नाही? शिक्षक कशाला मग? तुझी लेक आहे मी, हात शिवशिवायचा.

मोठ्याने का वाचायचं तेही सांगते. डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८० मध्ये एका विद्यार्थ्याबद्दल लिहिलंय. त्याच्या कागदावर ढीगभर चुका होत्या, पण स्वतःचं लिखाण वाचताना तो त्यातल्या कितीतरी जागी बरोबर वाचायचा. लिहिलंय एक, वाचतोय दुसरं, आणि त्याला पत्ताच नाही. म्हणजे भाषा त्याला येत होती, डोळा आणि हात अडत होते. त्याच्यावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारला असता तर ते खोटं झालं असतं. हे मी रोज माझ्या समोर बघते, आई. मुलं वाचता वाचता थांबतात, कागदाकडे पुन्हा बघतात आणि स्वतःच पेन चालवतात. तो क्षण मला फार आवडतो.

काकांना सांग, लिहिण्यावर संशोधन म्हणजे काय याचं उत्तर आहे माझ्याकडे. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ मुलांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावलं आणि ते ध्वनिमुद्रित केलं. पाठ्यपुस्तकं सांगतात तसं आधी मुद्दे, मग लेखन, असं सरळ कुणी लिहीतच नाही हे त्यातून पुढे आलं. माइक रोझ यांनी १९८० मध्ये दहा विद्यार्थी घेतले, पाच लिहिताना अडकणारे, पाच न अडकणारे. अडकणारे कमी हुशार नव्हते. पहिलं वाक्य परिपूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असले ताठर नियम ते पाळत होते. या कामाला प्रयोगशाळा नसली म्हणून ते हलकं होत नाही. आणि नोकरीचं म्हणाल तर इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग जवळपास सगळ्यांना असतो, शिकवणारे लागतातच. बाबांनी त्याची चिंता करू नये.

एक गोष्ट मात्र लिहितेच, फाडलेल्या दोन्ही कागदांवर ती होती. चौथीत मी ‘माझी आजी’ लिहिला होता. आजी जाऊन महिना झाला होता. तू अकरा गोल केलेस आणि खाली लिहिलंस, ‘शुद्धलेखन सुधारावे’. सगळ्यांच्या वह्यांसारखीच माझी वही तपासलीस, घरची म्हणून सूट दिली नाहीस, हे आता कळतं. आणि आजी तुझी आई होती, तो निबंध तू कशी वाचलीस हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये दाखवलं की नवखे विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं समजतात, अनुभवी लोक अख्खी मांडणी हलवतात. पहिल्या कागदावर मी दादाच्या लग्नाचं सुरुवातीलाच लिहिलं होतं. नंतर ते खाली खाली सरकत गेलं. मी मे महिन्यात येऊ शकत नाही. विद्यावेतन नऊच महिन्यांचं असतं, म्हणून उन्हाळ्याचा वर्ग घेतलाय आणि तो नेमका त्याच आठवड्यांत आहे. तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. दादाला तू सांगू नकोस, मीच लिहीन. दोनदा सुरू केलंय. आत्याने सुचवलेल्या स्थळाचं म्हणशील, तर प्रबंध होईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका. नंतर मी नाही म्हणणार नाही, निदान भेटेन.

तुझी,
मुक्ता

ता. क. – खात्यात पैसे पाठवलेत, ते या महिन्याच्या कर्जाच्या हप्त्यासाठी. बाबांनी ठेव मोडू नये, आणि मागच्या वेळेसारखी ती रक्कम माझ्याच नावाने परत ठेवूही नये. आणि तुझ्या त्या जुन्या वह्यांपैकी काही माळ्यावर असतील तर टाकू नकोस.