शंभरांचा कौल

महोदय,
१०० नागपूरकरांना विचारून ‘५२ टक्के बाजूने, ४८ विरोधात’ अशी ठळक बातमी परवा वाचली. याला बहुमत कसं म्हणायचं? एवढ्या नमुन्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला की टक्केवारी साधारण किती मागेपुढे होते तो आकडा, ५ टक्क्यांच्या घरात जाते; उद्या दुसरे १०० गाठले तर पारडं सहज फिरेल. वर्गात मी हे कळमना बाजारातल्या संत्र्यांवर शिकवायचो. प्रत्येकाने ढिगातून २५ उचलायची, सरासरी वजन फळ्यावर लिहायचं. एकेक फळ २० ग्रॅमने मागेपुढे, पण सरासऱ्या जेमतेम ४ ग्रॅमने हलायच्या: २० ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने, भागायचं. (तास संपेस्तोवर ढीगही संपायचा.) त्रुटी निम्मी करायची तर माणसं चौपट, म्हणजे ४०० लागतात. तीही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली, नुसती बर्डीच्या बाजारात भेटलेली नव्हे. निदान त्रुटीचा आकडा टक्केवारीशेजारी छापत जा.
— एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर